मैदानावरची तहान : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

शालेय स्पर्धांचा मोसम आणि ऑक्टोबरचं ऊन एकदमच येतं. त्यामुळे या खेपेच्या टपालात पाणी, मीठ आणि 'इलेक्ट्रोलाइट' (सोडियम, पोटॅशियमसारखे अंगातले क्षार) यांवरचीच पत्रं जास्त आहेत. मी बालरोगतज्ज्ञ. दवाखाना सांगलीत आहे आणि कबड्डी, खो-खोच्या स्पर्धांना मैदानावरची डॉक्टर म्हणून बसते. त्यामुळे हा विषय मला फार जवळचा आहे. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : मुलगी 13 वर्षांची, वजन 38 किलो, शाळेच्या कबड्डी संघात आहे. रोज संध्याकाळी दीड तास सराव असतो. घरी येते ती डोकं धरूनच, जेवायलाही नको म्हणते. सर सरावात पाणी पिऊ देत नाहीत, पोट जड होतं म्हणतात. घरी आल्यावर मी ग्लुकोज पावडरचं पाणी देते. बरोबर आहे का? (एक आई, बार्शी)

ताई, सरांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्यांनी काढलेला उपाय चुकीचा आहे. तहानेनं कासावीस झालेलं पोर अर्धी बाटली एका दमात रिकामी करतं आणि तसंच चढाईला जातं, तेव्हा पोटात पाणी डुचमळणारच. म्हणून पाणी बंद करायचं नसतं, थोडं थोडं आणि वेळेवर द्यायचं असतं. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेनं 2011 मध्ये दिलेलं प्रमाण मी पालकांना सांगते : 9 ते 12 वर्षांच्या मुलांना खेळताना दर 20 मिनिटांनी 100 ते 250 मिली. त्याहून मोठ्यांना घामाप्रमाणे जास्त. तुमच्या मुलीला 150 ते 200 मिलीपासून सुरुवात करा, म्हणजे घरातला स्टीलचा मध्यम पेला भरून. सरावाला निघण्याआधी अर्धा तास एक पेला, मग दर 20 मिनिटांनी एक. एवढ्यानं कुणाचं पोट जड होत नाही.

तिला नेमकं किती लागतं हे घरीच काढता येतं. एका संध्याकाळी सरावाला जाण्याआधी लघवी करून, हलक्या कपड्यांत तिचं वजन करा. परत आल्यावर घाम पुसून, तशाच कपड्यांत पुन्हा करा. समजा 500 ग्रॅम कमी भरलं आणि मधे ती 200 मिली पाणी प्यायली होती, तर दीड तासात तिचा 700 मिली घाम गेला. एक किलो म्हणजे एक लिटर, इतका हा हिशेब सोपा आहे. वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त, म्हणजे तिच्या बाबतीत पाऊण किलोच्या पुढे घट होत असेल, तर पाणी नक्की कमी पडतंय. पाय जड होतात, पकड सुटते, डोकं दुखतं. अशी दोन-तीन वजनं कागदावर लिहून तो कागद सरांना दाखवा. वाद घालण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो, हे मी पाहिलं आहे.

आता ग्लुकोजचं. त्या डब्यात मुख्यतः साखर असते आणि मीठ जवळजवळ नसतं. घामातून साखर जात नाही, मीठ जातं. मोठ्या माणसाच्या एक लिटर घामात साधारण एक ग्रॅम सोडियम असतं, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ, अर्ध्या चहाच्या चमच्याच्या आत. मुलांच्या घामात त्याहून कमी. 700 मिलीची भरपाई भाकरी, आमटी, भाजी आणि लोणच्याच्या फोडीतून एका जेवणात होऊन जाते. तेव्हा आल्या आल्या साधं पाणी किंवा मीठ घातलेलं ताक द्या, अर्ध्या तासानं जेवायला वाढा. गोड पाण्यानं तिची भूक मरत असण्याची शक्यता आहे.

आणखी एक बघा. शाळेत नेलेली बाटली संध्याकाळी किती भरलेली परत येते? बऱ्याच घरी ती जवळजवळ तशीच परत येते आणि मूल सरावाला जातं तेच कोरडं. दुपारचा डबा आणि सराव यांच्यात काही खाते का, हेही विचारा. पंधरा दिवस हे सगळं नीट करूनही डोकं दुखतच राहिलं, तर हिमोग्लोबिन तपासा. पाळी सुरू झालेल्या खेळाडू मुलींमध्ये ते कमी असणं फार नेहमीचं आहे आणि ते पाण्यानं भरून येत नाही.

प्रश्न : मुलगा 11 वर्षांचा, फुटबॉल अकादमीत जातो. तिथले सगळे पालक टेट्रापॅकमधलं 'ओआरएस' आणतात, मीही वर्षभर आणत होतो. मध्यंतरी बातमी वाचली की ते ओआरएस नव्हतंच. मग ते काय होतं? मुलाला खरं ओआरएस रोज द्यावं का? (एक वडील, नाशिक)

बातमी खरी आहे. चिडून, पण आनंदानं सांगते. ऑक्टोबर 2025 मध्ये आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, एफएसएसएआयनं, जुन्या परवानग्या मागे घेतल्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या कुठल्याही पेयाच्या नावात 'ओआरएस' हे शब्द वापरायला मनाई केली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्यासाठी कित्येक वर्षं एकाकी लढा दिला. तुम्ही आणत होता ते बहुधा फळांच्या चवीचं गोड पेय असावं : मीठ थोडं, साखर खऱ्या ओआरएसच्या कित्येक पट. जुलाब झालेल्या बाळाला तसलं पेय दिलं तर जादा साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. आमच्या चिडण्याचं कारण हेच होतं.

खऱ्या ओआरएसमध्ये काय असतं ते एकदा वाचून ठेवा. एक लिटर पाण्यासाठी मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम. एकूण 20.5 ग्रॅम. यातलं ग्लुकोज ताकदीसाठी नाही. लहान आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत नेणारी यंत्रणा असते. दोन्ही बरोबर आली की आत जातात आणि त्यांच्या मागून पाणी जातं. जुलाबातही ही यंत्रणा शाबूत राहते. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपांतून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले आणि 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. माझ्या ओपीडीतल्या प्रत्येक पुडीमागे हा माणूस उभा आहे, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच त्या तीन अक्षरांशी खेळलेलं मला सहन होत नाही.

पण तुमच्या मुलाला तासाभराच्या फुटबॉलनंतर रोज ओआरएस लागत नाही. ते जुलाब-उलट्यांचं औषध आहे आणि त्यातलं मीठ मुलांच्या घामात जातं त्याहून बरंच जास्त असतं. त्याला पाणी पुरे, आणि घरी आल्यावर जेवण. ओआरएस मी खेळाडूंना तीन वेळी देते : नुकतेच जुलाब होऊन गेले असतील तर, भर उन्हात एका दिवसात दोन-तीन सामने असतील तर, आणि काही मुलांचा घामच फार खारट असतो त्यांना. ही मुलं ओळखायला सोपी असतात. गडद रंगाची जर्सी वाळली की काखेखाली, पाठीवर पांढऱ्या रेघा उमटतात. कपाळावरून बोट फिरवलं तर खरखर लागते.

देताना एकच काळजी घ्या. मोठी पुडी एक लिटरची असते, छोटी 200 मिलीची. पूर्ण पुडी सांगितलेल्या पूर्ण पाण्यातच कालवा. एक लिटरची पुडी पेल्यात घालून 'कडक' करून पाजणारे प्रशिक्षक मला भेटले आहेत. एवढं मीठ एकदम पोटात गेलं की उलट्या होतात, रक्तातलं सोडियम वाढतं, आणि लहान मुलात ते खरोखर धोक्याचं असतं. कालवलेलं ओआरएस 24 तासांनंतर ओतून द्या.

मोठ्या सामन्यासाठी घरीच काही करायचं असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, पाव चमचा मीठ आणि एका लिंबाचा रस. चमचा चहाचा, पाच मिलीचा. बाजारातल्या बहुतेक स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये मीठ साधारण एवढंच असतं, साखर मात्र याच्या दुप्पट. हे सरबत खेळासाठी आहे. जुलाबांसाठी पुडीच वापरा.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमचा मुलींचा खो-खो संघ तालुक्यात दरवर्षी पुढे असतो, पण स्पर्धेच्या दिवशी मुली पाणीच पीत नाहीत. कितीही ओरडलं तरी बाटल्या तशाच. दुसऱ्या सामन्यात पायात गोळे येतात. इलेक्ट्रोलाइटच्या गोळ्या सुरू कराव्यात का? (एक क्रीडाशिक्षक, सातारा जिल्हा)

सर, गोळ्यांआधी मैदानावरच्या शौचालयाचं दार बघा.

हे पत्र मी दोनदा वाचलं, कारण मैदानाच्या कडेला बसून मी हेच बघत असते. दारं असतात, त्याला कुलूप असतं, किल्ली शिपायाकडे असते आणि शिपाई मंडपाच्या कामात असतो. कुलूप नसेल तिथे कडी नसते. कडी असेल तिथे पाणी नसतं. मुली सकाळी सहाला घर सोडतात, टेम्पोनं किंवा एसटीनं येतात आणि संध्याकाळी परततात. एवढा वेळ लघवीला जाता येणार नाही हे त्यांना अनुभवानं माहीत असतं, म्हणून घरातून निघतानाच त्या पाणी तोडतात. पाळी चालू असली तर विचारायलाच नको. मुली बेशिस्त नाहीत. त्यांच्यापुढे दोनच वाटा आहेत, आणि त्यांतली लाज वाटणार नाही ती त्या निवडतात. आठवड्याभरानं त्यातल्याच काही लघवीच्या जळजळीनं माझ्यासारखीकडे येतात.

तेव्हा स्पर्धेआधी आयोजकांना लेखी विचारा : मुलींसाठी शौचालय कुठे, पाणी आहे का, किल्ली कुणाकडे. मैदानावर पोहोचलात की संघ उतरवण्याआधी बरोबरच्या शिक्षिकेला ते बघून यायला सांगा. शाळेत सोय नसेल तर शेजारच्या एखाद्या घरी विनंती करा. गावाकडची बाई खेळणाऱ्या मुलींना कधी नाही म्हणत नाही. दोघी-दोघींनी जायची वेळ ठरवून द्या. शिक्षिका बरोबर नसेल तर एखाद्या मुलीच्या आईला न्या. एवढं झालं की बाटल्या आपोआप रिकाम्या होऊ लागतात.

पिण्याचंही वेळापत्रक हवं. पोर खेळाच्या नादात असताना तहान उशिरा सांगतं. मुलांवरच्या प्रयोगांत वारंवार दिसलं आहे की समोर भरपूर साधं पाणी ठेवलं तरी ती गरजेपेक्षा कमी पितात, आणि त्यालाच किंचित चव आणि चिमूटभर मीठ दिलं की बरंच जास्त पितात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातले ओडेड बार-ऑर यांनी यावर आयुष्यभर काम केलं. कारण असं की नुसतं पाणी रक्त पटकन पातळ करतं, मेंदूला वाटतं भागलं, आणि तहान वेळेआधीच मरते. मीठ ती तहान टिकवून धरतं आणि प्यायलेलं पाणी लघवीवाटे लगेच निघून जाऊ देत नाही. म्हणून दोन सामन्यांच्या मधे लिंबू सरबताचं पिंप ठेवा, आणि शेंगदाण्याची चटणी-पोळी किंवा मिठाच्या पाण्यात उकडलेले शेंगदाणे. सामना संपल्या संपल्या एक पेला, मग दर पंधरा-वीस मिनिटांनी एक.

गोळे निव्वळ मीठ कमी झाल्यानंच येतात असं नाही. थकलेल्या, सराव कमी पडलेल्या स्नायूतही येतात. तो स्नायू हळू ताणून धरा, अंगठा गुडघ्याकडे ओढा, पाणी आणि काही खारट द्या. इलेक्ट्रोलाइटच्या गोळ्यांवर पैसे घालू नका. ते पैसे पाण्याच्या जारवर आणि मुलींच्या बुटांवर घाला.

दिल्लीत जानेवारी 2025 मध्ये पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी तो जिंकला, कर्णधार आपली प्रियांका इंगळे होती. तुमच्या मैदानावरच्या मुलींनी ती स्पर्धा डोळ्यात प्राण आणून पाहिली असणार. त्यांना कडी लागणारं एक दार देणं आपल्याला जमलंच पाहिजे.

प्रश्न : नातू सुट्टीत आमच्याकडे येतो, दिवसभर क्रिकेट. मी त्याला शहाळं, कोकम सरबत, पन्हं देते. सून म्हणते हे जुनं झालं, इलेक्ट्रोलाइटची पावडर द्या. मीठ सैंधव घालावं का? (एक आजी, रत्नागिरी)

आजी, तुमचं चालू द्या. फक्त शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं, घामात नेमकं उलट. त्यामुळे शहाळ्याबरोबर काहीतरी खारट खायला द्या. तुमच्याकडचं आगळ तर मिठातलंच असतं. ते पाण्यात घालून, जिरं आणि थोडी साखर टाकून दिलंत तर खेळाडूला याहून चांगलं मी काही सुचवू शकत नाही. बाटलीतलं गोड अमृत कोकम असेल तर जास्त पातळ करा आणि मीठ वरून घाला. पन्ह्यात गूळ बेतानं. सैंधवातही मुख्यतः तेच सोडियम असतं, आणि साध्या मिठातलं आयोडीन त्यात नसतं. घरातलं नेहमीचं आयोडीनयुक्त मीठच वापरा.

प्रश्न : मुलगी रोज दोन तास पोहते. पाण्यातच असते, तर वेगळं पाणी प्यायची गरज आहे का? (पुणे)

आहे. पाण्यातही घाम येतो, तो दिसत नाही एवढंच. बाटली तलावाच्या काठावर, हाताशी ठेवायला सांगा.

प्रश्न : मुलगा 15 वर्षांचा, तालमीत आहे. जिल्हा स्पर्धेत खालच्या गटात बसवायचं म्हणून चार दिवसांत तीन किलो उतरवायला सांगितलंय. प्लॅस्टिकचा सूट घालून पळवतात, पाणी तोडतात. वजन झालं की सलाईन लावून ताकद येते म्हणतात. मी स्वतः कुस्ती केली आहे, पण आमच्या वेळी असं नव्हतं. भीती वाटते. (एक वडील, कोल्हापूर जिल्हा)

दादा, भीती योग्य आहे. तीन किलो चार दिवसांत उतरतात ते चरबीचे नसतात, पाण्याचे असतात. रक्त घट्ट होतं, हृदय जोरात पळतं, आणि घामाचा सूट घातल्यामुळे घाम वाळत नाही, म्हणून अंग आतल्या आत तापत जातं. अमेरिकेत 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये साधारण महिन्याभरात तीन कॉलेज पैलवान असेच गेले. तिघेही वजन उतरवण्यासाठी रबरी सूट घालून, गरम खोलीत व्यायाम करत होते. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत असे सूट आणि सॉना, म्हणजे घाम काढायच्या गरम खोल्या, बंद झाले, आणि मोसमाच्या सुरुवातीला लघवी तपासून, अंगात पुरेसं पाणी आहे हे बघूनच गट ठरवायचा नियम आला. विनेश फोगाटचं 7 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. 100 ग्रॅमसाठी तिची अंतिम लढत गेली आणि अंगातलं पाणी घटल्यामुळे तिला उपचार घ्यावे लागले. ती जगातली अव्वल मल्ल, बरोबर तज्ज्ञांचं पथक. तुमचा मुलगा 15 वर्षांचा आहे, त्याची हाडं वाढताहेत. त्याला वरच्या गटात खेळवा. या वयात एक मोसम हरला तर काही बिघडत नाही.

सलाईनचं तर मुळीच ऐकू नका. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, वाडाच्या, नियमांनुसार रुग्णालयातल्या खऱ्या उपचाराखेरीज 12 तासांत 100 मिलीपेक्षा जास्त सलाईन घेणं निषिद्ध आहे. लघवी होण्याच्या गोळ्याही निषिद्ध यादीत आहेत. उद्या पोरगा राष्ट्रीय पातळीवर गेला आणि हीच सवय अंगात मुरलेली असली, तर कारकीर्द पणाला लागेल. गावातल्या दवाखान्यात 'ताकदीची बाटली' म्हणून सलाईन लावणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनाही माझी हात जोडून विनंती आहे, पोरांना हे करू नका.

वस्तादांशी भांडू नका. तालमीत वस्तादाचा शब्द मोठा असतो आणि तो मोठाच असावा. त्यांना वैद्यकीय चिठ्ठी दाखवा, मी किंवा तुमचे डॉक्टर देऊ. वजनाचं काम मोसमाच्या आधी, आठवड्याला जास्तीत जास्त अर्धा किलो या गतीनं आणि खाणं बदलून होतं. थंडाई, दूध, तूप बंद करू नका. वडापाव, फरसाण, कोल्ड्रिंक बंद करा. नेहमीच्या कसरतीनंतर किलोभर वजन घटलेलं असेल तर पुढच्या दोन-चार तासांत सव्वा ते दीड लिटर, थोडं थोडं, खारट ताक किंवा जेवणाबरोबर. सकाळची लघवी गडद पिवळी असेल तर त्या दिवशी जोर कमी काढायचा, हा नियम मुलाच्या अंगी लागू दे.

प्रश्न : मी 16 वर्षांचा आहे, हाफ मॅरेथॉनची तयारी करतोय. व्हिडिओत सांगतात तसं रोज 5 लिटर पाणी पितो, पळताना पाण्याच्या प्रत्येक टेबलवर दोन पेले. पळण्याआधी एनर्जी ड्रिंक घेतो. तरी शेवटी मळमळतं. (नवी मुंबई)

अरे, तू पाणी कमी नाही, जास्त पितोयस, अशी मला शंका आहे. मूत्रपिंडं तासाला जेमतेम एक लिटरपर्यंत पाणी बाहेर टाकू शकतात, आणि पळताना त्याहूनही कमी. त्यावर ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि मेंदूला सूज येऊ लागते : मळमळ, डोकेदुखी, बोटांना सूज, मग गोंधळल्यासारखं होणं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, त्यातल्या 13 टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. सगळ्यात ठळक खूण काय होती माहितीये? पळून आल्यावर वजन वाढलेलं असणं. म्हणून पुढच्या लांब पळण्याआधी आणि नंतर वजन कर. नंतरचं जास्त भरलं तर लगेच पिणं कमी कर. शर्यतीत तहान लागली की पी. टेबल आलं म्हणून पिऊ नकोस. तासाच्या वरच्या पळण्यात लिंबू-मीठ-साखरेचं पाणी ठेव. शेवटी मळमळीबरोबर डोकं ठणकत असेल, काही सुचेनासं होत असेल, तर आणखी पाणी न पिता थेट दवाखाना गाठ.

एनर्जी ड्रिंक आजपासून बंद. त्यात लिटरला 300 मिलीग्रॅमपर्यंत कॅफीन असू शकतं आणि डब्यावर बारीक अक्षरात 'मुलांसाठी नाही' असं छापलेलंच असतं. पळताना छाती धडधडते ती त्यानंही असेल. आणि 16 व्या वर्षी 21 किलोमीटर पळायला अनेक शर्यती परवानगी देत नाहीत. वर्षभर 10 किलोमीटरवर जीव ओत, वेळ कमी कर.

प्रश्न : उन्हाळी शिबिर घेतो. आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. एखादा मुलगा मैदानात कोसळला तर ओआरएस आधी पाजायचं की दवाखान्यात न्यायचं? (एक प्रशिक्षक, चंद्रपूर)

दोन्हीच्या आधी त्याला थंड करायचं. मुलगा असंबद्ध बोलतोय, अडखळतोय, चिडलाय, ओळखत नाही किंवा बेशुद्ध आहे आणि अंग भट्टीसारखं आहे, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असं समजू नका. खेळताना होणाऱ्या उष्माघातात मूल घामानं निथळत असू शकतं. एकानं 108 ला फोन करायचा, बाकीच्यांनी सावलीत नेऊन जादा कपडे काढायचे आणि जे हाताशी आहे त्यानं गार करायचं : टाकी, टब असेल तर डोकं वर धरून गळ्यापर्यंत गार पाण्यात, नाहीतर बादल्याच्या बादल्या अंगावर, ओल्या चादरी बदलत राहायच्या, वारा घालायचा, मानेला, काखेत, जांघेत बर्फ. पहिल्या अर्ध्या तासात अंगाचं तापमान किती उतरतं यावर सगळं अवलंबून असतं. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. कांदा हुंगवणं, तळव्यांना कांद्याचा रस चोळणं यात ही मिनिटं घालवू नका.

मूल शुद्धीवर आहे, नीट बोलतंय, फक्त चक्कर आणि मळमळ आहे, तर सावलीत आडवं करून, पाय उंच ठेवून ओआरएस घोटाघोटानं द्या. वीस मिनिटांत बरं वाटलं नाही तर दवाखाना.

शिबिराचे पहिले दहा ते चौदा दिवस फार जपा. अंगाला उन्हाची सवय व्हायला तेवढे लागतातच. त्या काळात घाम लवकर येऊ लागतो आणि त्यातलं मीठ कमी होत जातं. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग हळूहळू वाढवा. मैदान सकाळी आठच्या आत मोकळं, संध्याकाळी सहानंतर पुन्हा सुरू. नुकताच ताप किंवा जुलाब होऊन गेलेलं मूल त्या दिवशी बाकावर बसेल. नुसत्या पाऱ्यावरही जाऊ नका. 16 एप्रिल 2023 ला खारघरला भर दुपारच्या कार्यक्रमात 14 माणसं गेली, तेव्हा पारा तुमच्या चंद्रपूरपेक्षा कितीतरी खाली होता, पण खाडीकाठची दमट हवा होती आणि डोक्यावर सावली नव्हती. तुमच्याकडे पावसाच्या तोंडावरचे जूनचे दिवस असेच फसवे असतात.

उष्माघातातून उठलेल्या मुलाला किमान सात दिवस कुठलाही व्यायाम नाही. त्यानंतर मूत्रपिंड आणि यकृताच्या रक्ततपासण्या बघून डॉक्टर लेखी देतील तेव्हाच मैदान, तेही आधी सावलीत आणि थोडा वेळ.